व्यसनाच्या कबरीतून बाहेर



प्रायश्चित्तकाळाच्या शेवटच्या टप्प्यावर ख्रिस्तसभा आपल्यापुढे संत योहानच्या शुभवर्तमानातील अकरावा अध्याय ठेवते. बेथानी गावचा लाझरस मरण पावला आहे. त्याला कबरेत ठेवून चार दिवस झाले आहेत. मार्था आणि मारिया या त्याच्या बहिणी रडत आहेत. प्रभू येशू तेथे येतो आणि तोही रडतो. मग तो तीन गोष्टी करतो. कबरेच्या तोंडावरची धोंड बाजूला करायला सांगतो, मोठ्याने हाक मारून लाझरसला बाहेर बोलावतो, आणि तो बाहेर आल्यावर त्याच्या हातापायांना गुंडाळलेल्या पट्ट्या सोडायला सांगतो.

या तीन कामांपैकी प्रभूने स्वतः एकच केले, हे आपण नीट पाहावे. मेलेल्याला जीवन देणारी हाक त्याची होती. धोंड मात्र लोकांनी ढकलली आणि पट्ट्याही लोकांनीच सोडल्या. ज्याला मेलेला जिवंत करता येतो त्याला एक धोंड हलवणे कठीण नव्हते, पण ते काम त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी राखून ठेवले.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात चालती-बोलती माणसे ज्या कबरेत जाऊन पडतात, तिचे नाव दारू. आज आपण तिच्याविषयी बोलणार आहोत. विषय कडू आहे आणि पुष्कळांच्या घरचा आहे. म्हणून आपण कोणाकडे बोट न दाखवता, पण काही न लपवता बोलू या.

हे दिवसही तसेच आहेत. कापसाचे चुकारे होऊन गेले आहेत. रानात मोहफुले गळू लागली आहेत. लग्नसराई तोंडावर आली आहे. हातात थोडा पैसा, घरी पाहुणे आणि शेतात काम कमी. दारूला पाय पसरायला याहून सोयीचा काळ नाही.

वणी येथे काय घडले

एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी होती आणि दारूची दुकाने बंद होती. तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील वणी येथे दारूची सवय असलेल्या काही माणसांनी दारू मिळेना म्हणून हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर प्राशन केले. सात जणांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, आंध्र प्रदेशातील कुरिचेडू येथेही असेच घडले होते.

ही बातमी वाचून त्या वेळी पुष्कळांनी कपाळाला हात लावला. हाताला लावायचे औषध कोणी पितो का, असे म्हणून काही जण हसलेही. पण ज्याला हसू येते त्याने क्षणभर थांबून विचार करावा. ते पिण्यासाठी नाही हे बाटलीवरच लिहिलेले असते. तरीही माणूस ती बाटली तोंडाला लावतो, तेव्हा तो मजेसाठी पीत नसतो. त्याच्या हातापायांना पट्ट्या बांधलेल्या असतात. त्याची इच्छा, त्याची बुद्धी, त्याचे घरच्यांवरचे प्रेम हे सारे आत कोठेतरी असते, पण गुंडाळून ठेवलेले.

वणीच्या त्या सात मृत्यूंनी आपल्याला एक गोष्ट शिकवली. दुकान बंद झाले तरी तहान बंद होत नाही. ही तहान काय असते, हे समजून घेतल्याशिवाय आपण कोणाला मदत करू शकणार नाही.

शरीराचे काय होते

दारू रोज आणि पुष्कळ घेतली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. आधी जेवढ्याने चढत असे तेवढ्याने चढत नाही, म्हणून प्रमाण वाढते. पुढे अशी वेळ येते की दारू नसेल तर सकाळी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो. आता माणूस आनंदासाठी नव्हे, तर थरथर थांबावी म्हणून पितो. याला डॉक्टर आजार म्हणतात. निश्चय कमी पडला, लाज सोडली, एवढे बोलून हा आजार बरा होत नाही.

यकृत, ज्याला आपण लिव्हर म्हणतो, मुकाट्याने सोसत राहते. आधी त्यावर चरबी चढते, मग सूज येते आणि शेवटी ते आकसून कडक होते. माणसाला कळते तेव्हा डोळे पिवळे झालेले असतात, पोटात पाणी साठलेले असते, कधी रक्ताची उलटी होते. चरबी चढलेली असते तोवर दारू सोडली तर यकृत पुष्कळसे सावरते. कडक झालेले यकृत पूर्ववत होणे कठीण.

एवढ्यावर थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत घातले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांच्या स्तनाचा कर्करोग यांच्याशी तिचा संबंध आहे. आपल्याकडे दारूच्या जोडीला खर्रा आणि तंबाखू असते. मग तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. जानेवारी २०२३ मध्ये याच संघटनेने स्पष्ट सांगितले की, आरोग्याला अजिबात अपाय करणार नाही असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. तिच्या अहवालाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात २६ लाख माणसे दारूमुळे मेली.

हातभट्टीच्या दारूचा धोका तर वेगळाच. तिच्यात मिथेनॉल मिसळलेले असेल तर आधी डोळे जातात आणि मग प्राण. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मरणारे सारे गरीब कष्टकरी होते.

घराचे काय होते

पिणारा एक असतो, पण आजारी सारे घर पडते. रोजचे शंभर रुपये दारूवर गेले, तर वर्षाला छत्तीस हजार पाचशे होतात. कोरडवाहू शेतकऱ्याने हा आकडा आपल्या बियाण्याच्या आणि खताच्या खर्चाशेजारी मांडून पाहावा. मजुरी करणाऱ्याने मुलीच्या शिक्षणाच्या खर्चाशेजारी मांडावा. घरातला किराणा उधारीवर, दवाखाना उधारीवर, आणि गुत्त्यावर मात्र रोख.

पण पैशापेक्षा मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. संध्याकाळी दाराबाहेर पावलांचा आवाज आला की लेकरे पुस्तक मिटून कोपऱ्यात सरकतात. बाप आज कसा आला आहे, हे ती पावलांवरून ओळखतात. आई ताट वाढते, पण तिचा जीव थाऱ्यावर नसतो. ज्या बापाकडे पाहून मुलांनी स्वर्गातील पित्याला बाबा म्हणायला शिकायचे, त्याच बापाची त्यांना भीती वाटू लागते. दारूने केलेले हे सर्वांत मोठे पाप आहे.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले. तो शेतकरी दारू पीत होता म्हणून मेला, असे सहज बोलणारे लोक आहेत. हे बोलणे अन्यायाचे आहे. नापिकी, कर्ज, पडलेला भाव ही दुःखे खरी आहेत आणि न पिणारेही त्यात बुडाले आहेत. परंतु एवढेही खरे की, दुःख विसरायला घेतलेली दारू दुःख कमी करत नाही. ती उतरली की मन अधिक उदास होते, कर्ज तेवढेच राहते आणि विचार करण्याची ताकद मात्र कमी होते. खचलेल्या माणसाच्या हाती ग्लास देणारा त्याचा मित्र नव्हे.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील दारूच्या नादी लागले. शेत गेले, घर गेले आणि डेबू लहान असतानाच वडीलही गेले. पोर मामाच्या घरी गुरे राखत वाढले. पुढे लग्न होऊन मुलगी झाली. बारशाला मटण आणि दारूचे जेवण घालण्याची जातीत रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि पाहुण्यांना गोडाचे जेवण वाढले. लोक रागावले, पण त्यांनी ऐकले नाही. हेच डेबूजी पुढे गाडगेबाबा झाले आणि १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत गावोगावी हाती खराटा घेऊन व्यसनाविरुद्ध बोलत राहिले. दारूने बापाला नेले म्हणून मुलानेही त्याच वाटेने जावे असे नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखवून दिले.

पण प्रभूने काना गावी द्राक्षारस दिला ना?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि बहुधा हातात ग्लास असताना विचारला जातो. त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. होय, काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. मिस्साबलिदानात द्राक्षारस वेदीवर येतो. संत पौलाने तिमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. पवित्र शास्त्र द्राक्षारसाला देवाचे दान मानते. मोहाचे झाडही गोंड आणि कोलाम बांधवांना देवाचे दानच वाटते, आणि त्यात चूक काही नाही. मोहाचे फूल अन्नही आहे.

परंतु तेच पवित्र शास्त्र नोहा पिऊन आपल्या तंबूत उघडा पडला हे लपवत नाही. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात पिणाऱ्याचे लाल डोळे, विनाकारण झालेल्या जखमा आणि जाग येताच पुन्हा प्यायला शोधणे हे सारे असे वर्णिले आहे की, आपल्या गावातील कोणाचे तरी चित्र डोळ्यांसमोर यावे. संत पौल इफिसकरांना मद्याने नव्हे तर पवित्र आत्म्याने भरून जायला सांगतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाचा ग्रंथ दारूचा अतिरेक संयमाच्या सद्गुणाविरुद्ध मानतो, आणि जो नशेत वाहन चालवून स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो तो गंभीर अपराधी आहे असेही शिकवतो.

द्राक्षारस आणखी एका ठिकाणी येतो. दयाळू शोमरोन्याने वाटेत पडलेल्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. तेथे द्राक्षारस जखम भरून काढतो. आपल्या घरातली बाटली जखम भरते की जखम करते, एवढा एकच प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा. काना गावचा दाखला देणाऱ्याने हेही आठवावे की, तेथे प्रभूने एका कुटुंबाची लाज राखली. आपली दारू कुटुंबाची लाज राखते की रस्त्यावर मांडते?

रोमकरांस लिहिताना संत पौल सांगतो की, माझ्या खाण्यापिण्याने माझा भाऊ अडखळत असेल तर मी ते न केलेले बरे. जो कधीतरी थोडी घेतो आणि थांबतो, त्याच्यासाठीच हे वचन आहे. तुम्ही थांबू शकता, पण तुमच्या शेजारी बसलेला थांबू शकत नाही. लग्नाच्या मांडवामागे तुम्ही त्याला म्हणता, "एकानं का होते भाऊ?" एकाने काय होते, हे त्याच्या बायकोला विचारा.

धोंड आणि पट्ट्या

दारूचे दुकान ही कबरेच्या तोंडावरची धोंड आहे. ती हलवायला विदर्भातील लोकांनी जोर लावला आहे. सेवाग्रामच्या भूमीत, वर्धा जिल्ह्यात, १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलन केल्यावर १९९३ मध्ये ती आली. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. आपल्या जिल्ह्यातही 'स्वामिनी' या नावाने स्त्रियांनी दारूबंदीची मागणी घेऊन मोर्चे काढले. आडव्या बाटलीचे मतदान घेऊन गावातील दुकान बंद करण्याचा मार्ग आपल्या राज्यात आहे. आपल्या गावात असे मतदान झाले, तर आपल्या आया-बहिणींनी घरी बसू नये, आणि पुरुषांनी त्यांना अडवू नये. निवडणुकीत वाटली जाणारी बाटली नाकारणे हेही धोंड हलवणेच आहे.

परंतु बंदी असलेल्या जिल्ह्यांतही चोरटी दारू पोहोचते, आणि वणीत दुकाने बंद असताना काय झाले ते आपण पाहिले. धोंड हलवली तरी आतला माणूस बांधलेलाच असतो. पट्ट्या सोडण्याचे काम उरतेच. ते सरकार करणार नाही. ते बेथानीच्या शेजाऱ्यांनी केले, म्हणजे आपल्याला करायचे आहे.

आपण काय करावे?

१. जो पितो त्याला आम्ही प्रेमाने सांगतो : दादा, तू वाईट नाहीस, तू बांधलेला आहेस. पण हाक तुला ऐकावीच लागेल, ती दुसरा कोणी तुझ्यासाठी ऐकू शकत नाही. एक सावधगिरी बाळग. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी, कोणाला न विचारता दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरकडे जा. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाकडे जाण्यात लाज नाही. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या आणि १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो. शरीराला औषध आणि आत्म्याला प्रायश्चित्त संस्कार, दोन्ही घे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

२. घरच्यांनी त्याची चूक झाकू नये. कामावर खोटा निरोप पाठवणे, गुत्त्याची उधारी गुपचूप फेडणे ही माया वाटते, पण त्याने पट्ट्या अधिक घट्ट होतात. नशेत असताना भांडू नये, सकाळी शुद्धीवर असताना शांतपणे बोलावे. आणि मारहाण होत असेल तर ती क्रूस म्हणून सोसत राहा, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. २००५ च्या कायद्याने स्त्रीला संरक्षण दिले आहे. ११२ किंवा १८१ वर मदत मागावी, आणि शेजाऱ्यांनी दार लावून घेऊ नये.

३. आपण सारे धर्मग्रामस्थ या उन्हाळ्यात एवढे ठरवू या : बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद, साखरपुडा, लग्न, यांपैकी कोणत्याही कार्यात दारू ठेवायची नाही, ना मांडवात, ना मांडवामागे. पाहुणा रागावला तर रागावू द्यावा. पुढे श्रावणात पोळा येईल, करीचा दिवस येईल. तेव्हाही बैलांच्या कष्टांचा मान बाटलीने करू नये.

४. जो उपचार घेऊन परत येतो, त्याला टोमणे मारू नका. "बघू किती दिवस टिकतो" हे शब्द त्याच्या कानी पडले की तो पुन्हा कबरेकडे वळतो. तो पुन्हा पडला तरी सोडून देऊ नका. या आजारात पुन्हा पडणे घडते. त्याच्याबरोबर चहा घ्या, त्याला मिस्साला सोबत घेऊन या, संध्याकाळची ती एक अवघड वेळ त्याच्याजवळ बसा.

आशा आहे

आयर्लंडमधील डब्लिन शहरात मॅट टॅल्बट नावाचा मजूर होऊन गेला. १८५६ चा जन्म. बारा-तेराव्या वर्षी मद्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तेथेच पिऊ लागला. मजुरी सारी दारूत जायची. पैशासाठी त्याने एकदा एका गरीब वादकाचे व्हायोलिनही चोरले. १८८४ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, खिशात पैसा नसताना तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने अनेकदा पाजले होते, त्यांतला एकही त्याला पाजायला तयार झाला नाही. तो घरी आईकडे गेला आणि दारू सोडण्याची शपथ घ्यायला निघाला. त्याने आधी तीनच महिन्यांची शपथ घेतली. जन्मभराची घेण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते. तीन महिने सरले, मग पुन्हा घेतली, मग आयुष्यभराची. रोजच्या मिस्साने आणि प्रार्थनेने तो टिकला. जुनी देणी त्याने फेडली. व्हायोलिनवाला सापडला नाही, तेव्हा त्याच्या नावाने मिस्सा अर्पण करायला पैसे दिले. १९२५ मध्ये मिस्साला जाताना रस्त्यात तो मरण पावला. तोवर चाळीस वर्षे त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. १९७५ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला 'आदरणीय' घोषित केले.

त्याच्यानंतर दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांना आधार देत अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ सुरू केली. आज फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, ही तिची वाट. आपल्या पुण्यात १९८६ मध्ये सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले. बाहेर पडलेली माणसे आहेत. ती आपल्यासारखीच आहेत.

मार्थाला वाटले होते की, आता उशीर झाला, चार दिवस झाले, आता दुर्गंधी येत असेल. आपल्या किती घरांत असेच बोलले जाते : याचे आता काही होत नाही, हा हाताबाहेर गेला. प्रभू त्या दुर्गंधीपाशीच उभा राहिला आणि त्याने नाव घेऊन हाक मारली. आजही तो नाव घेऊनच हाक मारतो. 'दारुडा' म्हणून नव्हे.

चला, आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू आपल्या मित्रासाठी रडलास. आमच्या गावांतील जे बंधू आणि ज्या भगिनी दारूच्या बंधनात आहेत, त्यांना त्यांच्या नावाने हाक मार. त्यांच्या पत्नींचे, आयांचे आणि लेकरांचे अश्रू पूस. वणी येथे आणि इतरत्र विषाने गेलेल्या सर्वांना आपल्या दयेत विसावा दे. आणि जेव्हा एखादा बांधव कबरेतून अडखळत बाहेर येईल, तेव्हा आम्ही नाक धरून दूर न पळता त्याच्या पट्ट्या सोडायला पुढे यावे, एवढे प्रेम आमच्या अंतःकरणात घाल. आमेन.